पावणेतीन तासांवरचा पेशंट

८ जुलै २०२५
जुळलं! नववीच्या तासाला फोन थरथरला, बाहेर जाऊन घेतला — पेशीदात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा. बी.एड.ला असताना बेळगावच्या एका शिबिरात गालाच्या आतून कापूस फिरवून दिला होता — मी विसरूनही गेले होते. रक्ताच्या कॅन्सरचा कुणी पेशंट आहे, माझ्या पेशी त्याला चालतात. नाव-गाव सांगणार नाहीत. मी लगेच हो म्हणाले.

घरी आईला सांगितलं. विड्या वळता वळता तिचा हात थांबला. "हाडातलं काढून घेत्यात व्हय गं? लगीन ठरंपतोर तरी थांब की."

पेशंट कसा थांबणार, आई?

९ जुलै
आई बोलत नाही.

१४ जुलै
आज ताट वाढताना म्हणाली, "मी बी येणार संगं. एकटीला न्हाय सोडणार." जिंकले!

२२ ऑगस्ट
रोज एक इंजेक्शन, असं पाच दिवस. आज दुसरं. कंबर, मांड्या, जबडासुद्धा ठणकतोय. डॉक्टर म्हणाले, पेशी वाढतायत म्हणून ठणकतंय. मग ठणकू दे.

२३ ऑगस्ट
निघताना आईनं त्रिसरण म्हटलं. निपाणीहून बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत दोन तास. तिथून बेंगळूर — एक तास! आई खिडकीशी. ढगांच्या वर गेल्यावर म्हणाली, "आपल्या बसपरास गचकं कमी हायत."

२५ ऑगस्ट
झालं! दोन्ही हातांत सुया, साडेचार तास. एका हातातून रक्त जातं, मशीन हव्या तेवढ्या पेशी काढून घेतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. दुखलं काही नाही. नाक मात्र सारखं खाजायचं, आणि ते आईनं खाजवायचं!

शेवटी छोटीशी पिशवी भरली — टोमॅटोच्या साराच्या रंगाची. ती न्यायला एक बाई थंड पेटी घेऊन आल्या. पेटी एक्स-रेत घालायची नाही, सामानात टाकायची नाही. जवळच ठेवायची. मी कन्नडमध्ये विचारलं, विमानाला किती वेळ? "पावणेतीन तास," असं बोलून गेल्या, आणि जीभ चावली.

आईनं पेटीवर हात ठेवला. "दमानं न्या, बाई."

२८ ऑगस्ट
शाळेतला मोठा नकाशा टेबलावर पसरला. पावणेतीन तास म्हणजे साधारण सतराशे किलोमीटर. कर्कटकाचं टोक बेंगळूरवर ठेवून कंस काढला — दिल्ली! जरा इकडंतिकडं केलं तर जयपूर, लखनौ. एवढ्या माणसांतला कोण, काय कळणार?

आई विचारते, "पोचलं का गं?"
"पोचलं असणार. वर उत्तरेकडं कुठंतरी."
"मग थंडी असंल तिथं."
ऑगस्टात!

१० ऑक्टोबर
संस्थेचा फोन. पेशी रुजल्या! पेशंट घरी गेला. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. कशाचे, विचारल्यावर सगळी हकिकत सांगितली. आता शामू सर पण नाव नोंदवणार म्हणतात.

आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय.

११ मार्च २०२६
संस्थेमार्फत हिंदीत पत्र आलं. नाव-गाव काळ्या शाईनं खोडलेलं. आईला मराठीत वाचून दाखवलं — तो लिहितो, माझा रक्तगट आधी ए होता. आता तुमच्या पेशी माझं रक्त बनवतात, म्हणून बी झालाय. तुमचा.

आईनं विड्यांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हंजे त्यो आता आपल्यातलाच की गं."