आमसुलांवर अडकलेला जीव

अहो,

राजापूरहून निमूचं पत्र आलंय. दिवस भरत आलेत तिचे. डॉक्टरांनी एसटीचा प्रवास नको म्हटलंय, म्हणून या खेपेला माहेरी येता येत नाही. तिच्या सासूला डोळ्यांनी धड दिसत नाही. "आई, तू ये गं," एवढंच लिहिलंय पोरीने. आणि मी इथे अंगणात आमसुलांची राखण करत बसलेय! म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. दुसऱ्या कुणाशी भांडू?

यंदाचाही मे धड नाही हो. सकाळी ऊन बघून रातांब्याची सालं पसरावीत, तर दुपारी आरे-वारेच्या बाजूने ढग चढतात. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवा, उन्हात घाला, परत बुडवा, परत घाला. आणि मधेच एक सर आली की सगळ्यावर पांढरी बुरशी. रेडिओवर मात्र रोज आपलं, "हवामान कोरडे राहील." त्याला म्हणावं, ये बाबा, आमच्या अंगणात येऊन उभा राहा!

"वयनी, आभाळ आलाय!" कामाला येणारी सुलभा ओरडली की हातातला घास टाकून धावायचं. चटया उचला, पडवीत आणा. ऊन आलं की परत बाहेर. बोटांना चिरा पडल्यात, त्यात मीठ झोंबतं. महिना झाला, मी बाजारातसुद्धा गेलेली नाही.

तुम्ही म्हणायचात, डोंगर बोडके केले, कोळशासाठी रानं तोडली, पाऊस वेडावणार नाही तर काय होणार? आळीतले हसायचे. आता हसत नाहीत. पण तुमचं बरोबर निघालं म्हणून ऊन थोडंच पडतंय?

आणि काय ते तुमचं पथ्य! डालडा नको, साखर बेताची, बाटलीतलं थंड पेय बघितलं की तोंड वाकडं. पहाटे उठून समुद्रावर चालायला. पाहुणा आला की कोकमाचं सरबत, आणि सरबताबरोबर भाषण! एवढं करून आधी गेलं कोण? विडी ओढणारे तुमचे दोस्त अजून देवळाच्या पायरीवर ठणठणीत बसलेत. त्यांना बघितलं की मला रागच येतो.

धंदाही तसाच. रंग नाही, भट्टी नाही. "आमसुलासाठी एक लाकूड जाळायचं नाही. ऊन देवाने फुकट दिलंय." पुडक्यावरही छापून घेतलंत, 'उन्हात वाळवलेली'. फुकट! आणि माझी कंबर कुणाची होती?

एरवी मी ऐकलं नसतं हो. सरळ चुलीवर वाळवून मोकळी झाले असते. पण तुमचा दहावा दिवस आडवा येतो.

तुम्हाला ठाऊक आहे की नाही, देव जाणे. त्या दिवशी कावळा शिवेना. मी घरी, पुरुषमंडळी नदीवर. भाऊजींनी हात जोडून सांगितलं, "दादा, निमूचं सगळं बघू." कावळा फांदीवर. "दादा, वहिनींना सांभाळू." कावळा फांदीवरच! ऊन चढलं, भटजी कंटाळले, तेव्हा भाऊजी ओरडले, "दादा, तुझा आमसुलांचा धंदा वहिनी चालवतील! तुझ्यासारखाच, उन्हातच!" आणि म्हणे पटकन शिवला.

घरी आले ते डोळे पुसत. "वहिनी, आमसुलांवर जीव अडकला होता हो दादाचा!" सगळ्या आळीने ऐकलं. तेरावा झाला आणि भाऊजी मुंबईला नोकरीवर गेले. शब्द इथे ठेवून गेले.

मला विचारायचं तरी कुणी! आणि तुम्ही? मला सांभाळतो म्हटल्यावर हलला नाहीत, आणि आमसुलांचं नाव निघताच आलात? हे मी कुणाला बोलले नाही. सुलभालाही नाही. पण रोज चटई उचलताना तेच मनात येतं आणि रडू फुटतं.

परवा सुलभाच म्हणाली, "चुलीवर टाकूया काय, वयनी? कुणाला कळतंय!" मी नुसतं काडेपेटीकडे बघितलं, तर कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाला शब्द दिलाय, विसरू नको हो." कुठे जाऊ मी? वर तुमचं आभाळ, कुंपणाला काकू, आणि राजापूरला पोर वाट बघतेय.

तरी तुमची आठवण आली की राग टिकत नाही मेला. पहिलं वाळलेलं आमसूल तुम्ही माझ्याच हातावर ठेवायचात आणि तोंडाकडे बघत राहायचात. मी आंबटाने डोळा मिटला की हसायचात, "जमलं!" यंदा पहिलं आमसूल मी तसंच पिंपात टाकलं. खाववेना.

आज सुलभाला सांगून ठेवलंय. मी नसताना ढग आले तर चटया उचलत बसू नको, सरळ चुलीवर घाल. काकू काय म्हणायचं ते म्हणोत. ती आमसुलं उन्हातली म्हणून मी विकणार नाही. पुडक्यावर 'चुलीवर वाळवलेली' असं माझ्या हाताने लिहीन, दोन पैसे कमी आले तर येवोत. तुमचं नाव खोट्याला लावायची नाही.

भाऊजींनी माझ्या नावाने शब्द दिला, तो वर्षभर ओढला. आता हा माझा, माझ्या तोंडाने दिलेला: निमूची सुटका होईल तेव्हा मी तिच्या उशाशी असेन. तुम्हाला पटो न पटो.

सकाळच्या गाडीने निघते. खिडकीपाशी मात्र बसणार नाही. आभाळ दिसतं.

तुमचीच,
सुमती