बरणी नंबर बारा

२ जानेवारी, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये. वाचलीच तर मला सांगू नये.

निर्णय पक्का. घरी मशरूम. रविवारी एक दिवसाचं ट्रेनिंग करून आलो. शिकवणाऱ्या मॅडम बारीक अंगाच्या, पण आवाज खणखणीत. पहिला टप्पा बियाण्याचा, त्याला स्पॉन म्हणतात. गहू उकडायचे, काचेच्या बरण्यांत भरायचे, कुकरमध्ये निर्जंतुक करायचे, गार झाले की त्यात मशरूमचं कल्चर, म्हणजे एक प्रकारचं विरजण, टाकायचं. मग तीन आठवडे वाट. गव्हावर पांढरे धागे पसरले की बियाणं तयार. ते पुढे पेंढ्यात घालायचं, की मशरूम.

सॉसच्या कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे मी. बारा बरण्या म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

प्रश्न फक्त जागेचा होता. मागची छोटी खोली. हिला तिथं शिलाई मशीन न्यायचं आहे. चार वर्षं म्हणते आहे. सध्या मशीन पॅसेजमध्ये आहे, बाथरूमला जाणारा प्रत्येक माणूस तिच्या कोपराला धडकतो. मी दोन महिने मागितले. ही म्हणाली, दोन मार्चपर्यंत मशरूम दाखवा, खोली तुमची. नाहीतर माझी, आणि मग पुन्हा कधी काही काढायचं नाही. माझ्या जुन्या मेणबत्त्यांच्या धंद्याचा विषय काढायची काही गरज नव्हती. काढला.

मी हो म्हणालो. मनातून हसूच आलं.

५ जानेवारी

गहू रात्रभर भिजवून उकडले. दाणा मऊ हवा पण फुटता कामा नये. पहिली खेप फुटली. गव्हानं दगा दिला. दुकानदार चांगला माल म्हणाला होता.

दुसरी खेप जमली. सुकवायला स्वच्छ पांढरं कापड हवं होतं, कपाटावर घडी घातलेलं मिळालं. संध्याकाळी कळलं, कुणा गिऱ्हाइकाच्या पडद्यांचं होतं. ही काही बोलली नाही. कापड झटकलं, भिजत घातलं. तिचं हे काही न बोलणं मला लग्नापासून जड जातं.

७ जानेवारी

सुट्टीचा दिवस. बारा बरण्या, कुकरमध्ये एका वेळी चार. प्रत्येक खेप दीड तास. प्रत्येक झाकणाला भोक, भोकात कापसाचा बोळा, म्हणजे हवा जाते पण घाण जात नाही. दुसऱ्या खेपेला कुकरची रबर सुटली. दहा वर्षं इमानेइतबारे चाललेली रबर, आणि माझ्याच दिवशी! नवी आणली. दुपारी घरात कुणी जेवलं नाही, कारण कुकर माझ्याकडे. ब्रेड खाल्ला. हिनं विचारलं, उद्याही ब्रेडच का. मी म्हणालो, मोठ्या कामात असं होतंच.

८ जानेवारी

कल्चर टाकलं. पंखा बंद, खिडक्या बंद, हात स्पिरिटनं पुसलेले, तोंडाला मास्क. ऑपरेशन थिएटर झालं होतं खोलीचं. मॅडमचं वाक्य वहीत लाल पेननं लिहिलं आहे: एकदा बंद केली की बरणी उघडायची नाही, बाहेरूनच बघायची.

फायनल इन्स्पेक्शनमध्ये बारा नंबर रिजेक्ट. बोळा तिरका. कारखान्यात असलं मी एक पास केलेलं नाही. हिला सांगितलं, आतला माल टाकून दे आणि बरणी घासून ठेव. अकरा बरण्या कपाटात, अंधारात.

एक रजिस्टर केलं. प्रत्येक बरणीला एक पान. तारीख, वेळ, शेरा, सही. बाराव्या पानावर आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं: रिजेक्ट.

९ जानेवारी, सकाळी ६

पहिली तपासणी. सगळ्या बरण्या एकेक करून उघडल्या, वास घेतला, बंद केल्या. ठीक. सही.

मॅडम उघडू नका म्हणाल्या ते बरोबरच. पण उघडणं वेगळं आणि तपासणं वेगळं. उघडणारा उत्सुकतेपोटी उघडतो. तपासणारा माणूस जबाबदारीनं करतो.

१३ जानेवारी

चार नंबरमध्ये पांढरा धागा! एकच, पण धागाच. चमच्याच्या टोकानं थोडा बाजूला करून खात्री केली. धागाच. चमचा आधी पुसला होता.

हिला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, छान, आणि बरणीला झाकण लावा. मला शिकवते!

१७ जानेवारी

धागे सात बरण्यांत. ऑफिसमध्ये डबा खाताना सहज बोललो की पुढच्या वर्षी बहुतेक नोकरी सोडेन. अकाउंट्सवाल्यानं विचारलं, मग काय करणार. मी नुसता हसलो.

आजपासून दोन तपासण्या. सकाळी आणि संध्याकाळी. माल वाढतोय, लक्षही वाढायला हवं.

२१ जानेवारी, सकाळी

तीन नंबरमध्ये हिरवा ठिपका.

कारण शोधतो आहे.

२१ जानेवारी, संध्याकाळी

सहा नंबरमध्येही. आठ नंबरला आंबूस वास, खाली पाणी सुटलं आहे.

हे आपोआप होत नाही. बाहेरून काहीतरी आत गेल्याशिवाय बुरशी येत नाही, हे मॅडमनीच सांगितलं आहे. म्हणजे कुणीतरी बरण्या उघडतं आहे.

२३ जानेवारी

विचार करतो आहे. या घरात मी आणि ही, दोघंच. मी नाही.

लिहिताना हात थांबला. पण रोजनिशीत खोटं लिहायचं तर लिहायची कशाला? माझे मशरूम आले नाहीत तर फायदा कुणाचा? खोली कुणाला हवी आहे?

हिच्याकडे बघितलं. काज करत होती. चेहऱ्यावर काही नाही. तेच तर.

२४ जानेवारी

सापळा. कपाटाच्या दोन्ही मुठींना हिच्याच डब्यातला काळा दोरा बांधला. उघडलं की तुटणार.

२५ जानेवारी, सकाळी ६

दोरा शाबूत. तोडून तपासणी केली. पाच नंबरही हिरवी.

२५ जानेवारी, संध्याकाळी ७

दोरा तुटलेला! कामावरून आलो, बघतो तर दोन टोकं लोंबतायत. आता पुरावा आहे. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि एवढ्याशा खोलीसाठी हे?

(सकाळी पुन्हा बांधला होता का? बहुतेक बांधला होता. मी असली गोष्ट विसरणारा माणूस नाही.)

२८ जानेवारी, रविवार

मेहुणा आला होता. हिचा भाऊ, वायरमन. कपाट उघडून म्हणाला, भावजी, रंग झकास आलाय, भिंतीलाही हाच मारा. आणि स्वतःच खो खो हसत बसला.

माझा तोल गेला. मी म्हणालो, हसू नकोस, तुझ्या बहिणीला विचार हे कुणी केलं. दोऱ्याचंही सांगितलं. सगळंच सांगितलं.

मेहुण्याचं हसणं बंद झालं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे. ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेली. चहा कुणीच घेतला नाही. जाताना मेहुणा म्हणाला, भावजी, असं बोलायला नको होतं. भाऊ बहिणीची बाजू घेणारच.

तेव्हापासून मशीन बंद आहे. घर फार शांत वाटतंय.

३ फेब्रुवारी

सात बरण्या गेल्या. ही बोलते, पण कामापुरतं. मीठ हवंय का. दूधवाला आला होता का. मी खरं बोललो तर मलाच शिक्षा.

राहिलेल्या चारांवर दिवसाला तीन तपासण्या. एक डबा खायच्या सुट्टीत घरी येऊन. डबा रस्त्यात चालत खातो.

९ फेब्रुवारी

मॅडमना फोन केला. म्हणालो, तुमच्या कल्चरमध्येच खोट असणार. त्यांनी शांतपणे विचारलं, बरण्या कुणी उघडल्या का. मी म्हणालो, छे, मी तर रोज तपासतो. त्यांनी विचारलं, कशा तपासता. सांगितलं. फोनवर बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाल्या, मी तुम्हाला नंतर फोन करते.

नेटवर्क खराब असावं.

१६ फेब्रुवारी

अकरावी बरणीही हिरवी. शेवटची होती. मॅडमचा फोन आलेला नाही. त्याही तसल्याच निघाल्या.

कुकर, गहू, रबर, मॅडम, मेहुणा, ही. एका माणसाला इतक्या जणांनी मिळून दगा द्यावा!

१ मार्च

सगळ्या बरण्या मागच्या नळावर धुतल्या. वास जात नाही. उद्या दोन तारीख. खोली रिकामी करून दिली पाहिजे. शब्द दिला होता, मी तो पाळतो. या घरात शब्द पाळणारं कुणीतरी असावं.

२ मार्च, सकाळी १०

कपाट ओढून बाहेर काढलं. मेहुणा मशीन उचलायला आला. पॅसेजमधलं मशीन हललं तसं मागचं कापडाच्या तुकड्यांचं टोपलं दिसलं. टोपल्यात तळाशी, जुन्या पडद्याखाली, एक बरणी.

नंबर बारा. माझ्या अक्षरात. रिजेक्ट.

आत कापूस भरल्यासारखी पांढरीशुभ्र. एकही दाणा दिसत नव्हता. तिरका बोळा बाजूला ढकलून भोकातून मशरूमचा एक झुबका बाहेर आलेला. पाच लहान, एक मोठा. खरे. टवटवीत.

मी म्हणालो, हे काय. मी म्हणालो, म्हणजे तू माझ्यामागे, माझ्याच घरात, माझ्याच गव्हात! मेहुणा मशीन धरून तसाच उभा राहिला, त्याला खालीही ठेवता येईना.

ही म्हणाली, तुम्ही टाकून दे म्हणालात, माझ्यानं टाकवलं नाही. इतकं मन लावून केलं होतंत. मग मी विचारलं, काय घातलंस या बरणीत, काय केलंस. ती म्हणाली, काही नाही. हातच लावला नाही.

मग तिनं विचारलं, कारखान्यात तपासायला जी बाटली उघडता तिचं पुढे काय करता. मी म्हणालो, ओतून देतात, उघडलेली बाटली पुन्हा मालात ठेवत नाहीत, एवढंही कळत नाही का. बोललो आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

ही म्हणाली, वीस वर्षांत तुमच्यापासून एवढी एकच गोष्ट लपवली. दाखवली असती तर तुम्ही ती उघडली असती.

आणि रडली. त्या रविवारी मेहुण्यासमोर रडली नव्हती, ती आज रडली. म्हणाली, तुम्हाला वाटलंच कसं मी असं करेन. मेहुण्यानं मशीन खाली ठेवलं आणि पाणी आणायला आत गेला.

मी पुरावा म्हणून जपलेली दोऱ्याची दोन टोकं खिशातून काढली. का काढली माहीत नाही. टेबलावर ठेवली.

३ मार्च, संध्याकाळी

मशीन मागच्या खोलीत लागलं. उजेड चांगला येतो तिथं. पॅसेजमधून जाताना दोनदा सवयीनं अंग चोरलं, कुणाला धडकलो नाही.

बरणी तिनं खिडकीजवळ ठेवली आहे, मशीनच्या शेजारी. मी विचारलं, बघू का. ती म्हणाली, दारातून बघा. दारातून बघितलं.

नंतर रजिस्टर काढलं. पुरावा शोधायला काढलं होतं, खरं सांगायचं तर. कुणाविरुद्ध ते आता लिहीत नाही. पहिल्या पानापासून बघत गेलो. एक नंबर: शहात्तर सह्या. दोन नंबर: अठ्ठावीस, मग हिरवी. तीन नंबर: सतरा. चार नंबर, जिच्यात पहिला धागा आला होता: त्र्याहत्तर. सगळ्या माझ्या. अक्षर नेहमीसारखं सुंदर. शेरा सगळीकडे एकच: तपासलं, ठीक.

बाराव्या पानावर एकही सही नाही.

हात शिवशिवला. पेनचं टोपणही काढलं. मग वर बघितलं तर ही मशीनवरून माझ्याकडेच बघत होती. टोपण परत लावलं.