दक्षिणेकडे तोंड केलेले सेफ्टी व्हॉल्व्ह

द्वारका, नाशिक
रविवार, देवपूजा आटोपून

सौ. प्रतिभाताई यांस सुवर्णाचा नमस्कार.

त्र्यंबकराजाच्या कृपेने इकडे सगळे ठाकठीक आहे. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? व्याह्यांना गोड कमी करायला सांगितले होते, ते ऐकतात का? (आमच्याकडे हे ऐकत नाहीत, म्हणून साखरेचा डबा मी देवघरात ठेवला आहे.) फोनच केला असता, पण तेजल शेजारीच बसलेली असते. शिवाय शेजारची स्नेहल उद्या तुमच्या नांदगावला येतेच आहे, तर तिच्या पिशवीत एक कागद जड नाही.

तेजल स्कूटरवरून पडली आणि तिच्या उजव्या हाताला प्लास्टर लागले हे तुम्हाला माहीतच आहे. काळजीचे कारण नाही. नोकरीचेही नाही, कारण तिचा माऊस मी धरते. आमचा शेखर नोकरीसाठी चाकणला असतो आणि ह्यांना स्क्रीनकडे पाहिले की झोप येते. तेजल सांगते, मी ओढते आणि सोडते. काम म्हणजे कारखान्याच्या नळ्यांचे चित्र. टाकीत दाब वाढला की आपोआप उघडून वाफ सोडायची, त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, आपल्या कुकरला असतो तसाच. चित्रातला व्हॉल्व्ह उचलून नळीवर सोडला की चिकटतो. मग त्याचे तोंड फिरवायचे. (मधे तेजल चहा घेई तेव्हा वीज कशाला जाळायची म्हणून मी लॅपटॉप बंद करीत असे. केलेले काम वेगळे सेव्ह करावे लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते.)

मंगळवारी तेजल प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेली. जाताना म्हणाली, “आई, चित्र पूर्ण झालंय, अकराला फक्त पाठवायचं बटण दाबा. दुसरं काही करू नका हं.” मी दुसरे काही केले नाही, फक्त एकदा नजर घातली. मी मॅट्रिकपर्यंत भूगोल शिकले आहे. कागदावर वर उत्तर आणि खाली दक्षिण. पाहते तर निम्म्या व्हॉल्व्हांची तोंडे खाली! दक्षिणेकडे आपण चूलसुद्धा मांडत नाही, आणि हा तर कोणाचा तरी नवा कारखाना. नोकरी पक्की व्हायच्या वेळी असे चित्र सुनेच्या नावाने कसे जाऊ द्यायचे? मी ती सगळी तोंडे वर केली, हळदकुंकू वाहिले आणि बटण दाबले.

दुपारी तिच्या ऑफिसातल्या कुंदन सरांचा व्हिडिओ कॉल आला. गृहस्थ तसे मवाळ. म्हणाले, “तेजल, वाफ टाकीतून बाहेर जाते. तुझ्या चित्रात ती बाहेरून टाकीत चाललीय. स्फोट होईल.” मी मागून म्हटले, “अहो, कागदावर कसला स्फोट?” ते म्हणाले, पुढच्या बुधवारपर्यंत दुरुस्त करून द्या, त्याच दिवशी साहेब कायम करायचे की नाही ते ठरवणार आहेत. मुलगी तुमच्या वळणाची आहे. नुसती ताट बाजूला सारून बसली.

मला फार लागले. शनिवारी मारुतीला तेल घालायला गेले आणि दर्शन घेता घेताच डोक्यात प्रकाश पडला. आमचा मारुती दक्षिणमुखी! राखण करणाऱ्याचे तोंड दक्षिणेलाच असते. सेफ्टी व्हॉल्व्ह तरी दुसरे काय करतो? घरी आले तर तेजल गोळी घेऊन झोपलेली. तिला कशाला उठवा, म्हणून मीच बसले आणि एकेक व्हॉल्व्ह दक्षिणमुखी केला. मुळात उजवीकडे-डावीकडे होते तेही सोडले नाहीत. सॉफ्टवेअरने चित्रभर लाल खुणा उमटवल्या. शनिवार असल्याने मला तो शेंदूरच वाटला. या खेपेस सेव्हही आठवणीने केले.

तेव्हा तुम्ही निश्चिंत असा, यायची तसदी घेऊ नका. व्याह्यांना नमस्कार.

तुमची विहीण,
सुवर्णा

ता. क. – संतोषचे झेरॉक्सचे दुकान कसे चालते? त्याचा हात कॉम्प्युटरवर बसलेला असेल ना?

ता. क. २ – त्याला उद्याच्या उद्या पाठवा. डाव्या हाताने तेजलला जमत नाही आणि माझ्या हाती ती आता माऊस देत नाही. बहिणीला पाहावेसे वाटले म्हणून आलो, असे सांगायला लावा. मी बोलावले असे कळता कामा नये.

आई, पत्र टेबलावर उघडंच होतं. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर समजून घे. दादाला खरंच पाठव. काल रात्री मी झोपल्यावर आईंनी चित्रातल्या पंपांना जोड्या लावून दिल्यात. एकटे बरे दिसत नव्हते म्हणे. – तेजल