नुवुयाकचं गांजाचं दुकान

नुवुयाक,
१८ फेब्रुवारी

चि. मोसेसीस ऊलायूताईचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि चहाची पुडकी एकदाची पोचली. आधीची विमानं हिमवादळात आमच्या डोक्यावर घिरट्या घालून परत गेली होती. पत्र आईला वाचून दाखवलं. फोनवर आता तिला काही ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगायचं तर तिच्याआधी शेजारणीला कळतं. म्हणून लिहीतच जा. बाबा नीट जेवतात का, असं ती विचारत होती. आजोबांचं नाव तुला दिलं म्हणून तू तिचा बाबा, ते ठीकच आहे. पण बाबा तिकडे इकालुइतला मजेत आणि लेकीचं दुखणंखुपणं माझ्या गळ्यात, हा कुठला न्याय?

आता कामाचं. दक्षिणेकडची एक कंपनी आपल्या गावात गांजाचं दुकान काढायचं म्हणते आहे. गावाला विचारल्याशिवाय सरकार परवाना देत नाही, म्हणून एप्रिलमध्ये सभा आहे. मी गावसभेची सभासद, आणि मी नाही म्हणणार. दारू आपण कधीच गावाबाहेर ठेवली. कायद्याने गांजा सोडला म्हणून तो दारात आणून मांडायचा का? लुकासीच्या घरामागे पोरं कशाला जमतात ते तुला ठाऊक आहे. माझी नात पित्सीही परवा डोळे लाल करून आली. वाऱ्याने झाले म्हणाली. मी जन्म वाऱ्यात काढला. असे डोळे वाऱ्याने होत नाहीत.

तू तसल्याच दुकानात उभा राहतोस, तर आत काय चालतं ते सरळ सांग. मला शहाणपण शिकवू नकोस, माहिती दे.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
ऊलायूताई


इकालुइत,
९ मार्च

ती. ताईस मोसेसीचा सा. न. वि. वि.

शहाणपण तुला शिकवायला मी वेडा नाही. माहिती देतो.

आमच्या दुकानाच्या काचा आतून झाकलेल्या आहेत. रस्त्यावरून काही दिसत नाही. दारातच वयाचा दाखला बघतात. एकोणिसाच्या आतला असेल तर पाद्रीबाबांचा मुलगा असला तरी बाहेर. माल सीलबंद, किती कडक ते वर छापलेलं. मी काही कोणाला घे म्हणत नाही. विचारलं तर सांगतो, आणि नवख्याला थोडंच घे म्हणतो.

आता तुमच्याकडचं बघ. दुकान नाही म्हणून गावात गांजा नाही, असं आहे का? ज्याच्याकडे कार्ड आणि कॉम्प्युटर आहे तो सरकारमान्य ठिकाणाहून मागवतो आणि विमानाची वाट बघत बसतो. बाकीचे लुकासीकडे जातात. लुकासी वाट्टेल तो भाव लावतो आणि वय विचारत नाही. पित्सीला कोणी दिला असेल? ज्याला परवाना जायची भीती आहे त्याने नक्कीच नाही.

आणि खरी गोष्ट ही, की कंपनीला गावातलाच माणूस व्यवस्थापक हवा आहे. साहेबांनी माझं नाव घेतलं. तुम्ही हो म्हणालात तर मी घरी येतो, ताई. कायमचा. आईजवळ कोणीतरी हवंच, आणि मलाही या भाड्याच्या खोलीचा कंटाळा आलाय. इथे सीलचं मांस खायचं म्हटलं तर कोणाच्या तरी ओळखीने मिळवावं लागतं.

गावसभेने नाही म्हटलं तर विषय संपला. तुझं वजन तिथे किती आहे ते तुलाच माहीत.

आईला सांग, बाबा जेवतात. रागावलीस तरी लिही.

तुझा
मोसेसी


नुवुयाक,
२१ एप्रिल

चि. मोसेसीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

झालं तुझ्या मनासारखं. गावाने हो म्हटलं. आता कसं ते ऐक.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. म्हातारा अकावाक पहिला उठला. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू आधी चांगलीच असते, असं म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या पडल्या. मग पाद्रीबाबांची बायको नेईवी बोलली, रडलीसुद्धा. तिच्या भाच्याचं डोकं याच्याचपायी फिरलं, ते खोटं नाही. माझं कागदावर लिहून नेलेलं भाषण तिथेच वितळलं. तरी उठले. लुकासी मागच्या खुर्चीत बसला होता, त्याच्याकडे बघून म्हटलं, "दुकान आपल्या गावात आधीपासूनच आहे. फक्त तिथे कोणी वय विचारत नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, तुझ्या भावाला याच गांजापायी बेड्या घालून विमानातून नेलं होतं, विसरलीस का. मी म्हटलं, नाही विसरले. तेव्हा तो गुन्हा होता, आता तो धंदा आहे, कायदा मी बदलला नाही. "पण काउंटरमागे माझा भाऊ उभा राहणार आहे. तो इथल्या प्रत्येक पोराला नावाने ओळखतो. त्याला फसवून कोणी नेऊन दाखवावं." नंतर हात वर झाले. एकाच मताचा फरक पडला, आणि ते मत माझंच होतं असं लोक म्हणतात.

तेव्हापासून चर्चमधल्या शिवणाला मला कोणी बोलावलेलं नाही. नेईवी सहकारी दुकानात समोर आली की पिठाची पिशवी वाचत उभी राहते. इतक्या वर्षांची मैत्रीण. असो. तू आलास की सगळं निवळेल. लोकांना माणूस दिसला की राग टिकत नाही.

आईने मागची खोली रिकामी करायला लावली आहे. डोळ्यांना दिसत नाही तरी तुझ्यासाठी सीलच्या कातड्याचे बूट, कामिक, शिवायला घेतलेत. टाके वाकडे आहेत, नावं ठेवू नकोस. कधी येतोस ते कळव, म्हणजे ती मला विचारायची थांबेल.

वाट बघणारी
ऊलायूताई


इकालुइत,
३० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. कामाचा व्याप वाढलाय. साहेब तुझ्यावर फार खूश आहेत. अशी बाई प्रत्येक गावात हवी म्हणाले.

येण्याचं थोडं लांबलंय. कंपनीच्या विमावाल्यांचं काही आहे, जुन्या केसचा कागद आडवा येतोय. सरकारची हरकत नाही, कंपनीचाच नियम आहे. बघतोय. तूर्त मला दुसरं काम दिलंय, गावोगावी जाऊन लोकांशी बोलायचं. पगार बरा आहे. सुरुवातीला दक्षिणेकडचा एखादा माणूस तुमच्याकडे पाठवतील, तेवढंच.

सप्टेंबरात जहाजातून दुकानाचं सामान येईल. उद्घाटनाला मी नक्की आहे. आईला सांग. कामिकची घाई करू नका म्हणावं.

पत्र लहान झालं, समजून घे.

मोसेसी


नुवुयाक,
२६ ऑक्टोबर

मोसेसीस,

उद्घाटन होऊन महिना झाला. तेव्हाच लिहिणार होते. हात चालला नाही.

तू आलास, सगळ्यांशी हात मिळवलेस, कंपनीचं जाकीट घालून फोटो काढलेस. रात्री राहिलास हॉटेलात, साहेबांबरोबर. घरी आलास तो चहापुरता, आणि चहा पिताना तुझा फोन वाजत होता. आईने कामिक पुढे केले. दक्षिणेला जातोय, तिकडे थंडी नाही म्हणालास आणि ते खुर्चीवर ठेवून गेलास. तू गेल्यावर तिने ते घडी करून पित्सीला दिले. आई तुला आता मोसेसी म्हणते. बाबा म्हणत नाही. मी का म्हणून विचारलं नाही.

दुकानात ग्रेहॅम म्हणून विनिपेगचा पोरगा आहे. वाईट नाही. मी आत जाऊन बघावं म्हटलं, तर दाखला मागितला. जवळ नव्हता. नियम आहे म्हणाला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं, बाहेर जायला. ज्या दुकानासाठी मी मैत्रीण घालवली त्याच्या पायरीवर मी उभी होते आणि लुकासी दाखला दाखवून आत जात होता. हो, लुकासी. तो आता तिथूनच घेतो आणि घरामागे पोरांना दुप्पट भावाने विकतो. त्याला विमानाची वाट बघावी लागत नाही, एवढीच सुधारणा झाली. ग्रेहॅम पित्सीला नावाने ओळखत नाही, मग तिच्यासाठी माल कोण नेतं ते त्याला कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन गेले. ग्रेहॅमला वाटलं मी खूश असेन. तुमच्या भावानं कमाल केली म्हणाला. जुनी केस असलेल्याला व्यवस्थापक करत नाहीत हे त्याला जानेवारीतच सांगितलं होतं, तरी किती मन लावून गाव जिंकून दिलंत दोघांनी, म्हणून तर त्याला बढती मिळाली. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. मला ठाऊक असेल असं धरून तो बोलत होता.

जानेवारीत. मी तुला विचारलं फेब्रुवारीत. तू मला लिहिलंस मार्चमध्ये.

एका जुन्या केसपायी तुला व्यवस्थापक करत नाहीत, हा त्यांचा अन्याय आहे, आणि तू तसं लिहिलं असतंस तर मी त्यांच्याशी भांडले असते. साऱ्या सभेला घेऊन भांडले असते. तू मला ती संधी दिली नाहीस. तू मला विकायला काढलंस.

आता शेवटचं. मागच्या आठवड्यात खाडीपलीकडच्या गावातल्या शूवेगाबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे सभा आहे. तू तिथे जाऊन आलास, आणि व्यवस्थापक गावातलाच असेल असं सांगितलंस, माझं उदाहरण दिलंस, म्हणे. त्यांचा मुलगा हॅलिफॅक्सला असतो. तो घरी येईल या आशेने त्या हात वर करणार होत्या. नुवुयाकला खरंच तसं झालं का, असं विचारत होत्या.

मी सांगितलं. दुकान वाईट की चांगलं हे त्यांचं त्यांनी ठरवावं, त्यात मी पडले नाही. फक्त काउंटरमागे कोण उभं आहे आणि तुझ्यासाठी आवरलेली मागची खोली कशी रिकामीच आहे, तेवढं सांगितलं. नंतर त्यांच्या गावच्या रेडिओवरही बोलले, त्यांनी बोलावलं म्हणून. तुझं नाव घेतलं. काल त्यांची सभा झाली, नाही म्हणाले.

तुझ्या साहेबांना याचं कारण कळेलच, म्हणून माझ्याकडून आधी कळवते. नोकरीवर आलं तर मी आणलं असं समज आणि मला त्याबद्दल पत्र नको.

आई पुष्कळ झोपते आता. यायचं असेल तर ये. कंपनीच्या तिकिटावर येऊ नकोस.

ऊलायू