राजकन्येनं आरसा फोडला

उंद्री, मंगळवार, मार्च १९६३

कादंबरी संपली आणि किळसच आली. भित्री राजकन्या जादूच्या आरशापाशी एकेक विद्या शिकते, राक्षसाला हरवते, राज्य चालवते. आणि लग्न ठरताच आरसा फोडून चुलीपुढे बसते! यासाठी चारशे पानं? लेखकाला लाज कशी वाटली नाही?

मिरच्यांची देठं खुडत ऐकणाऱ्या सासूबाईही चिडल्या. मी त्यांना म्हटलं, "गोष्टीत असंच असते, आत्याबाई."

त्यांना वाचता येत नाही. पण पानात खूण म्हणून घातलेल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मंग मास्तरणीचा तो अर्ज तू काऊन नाही भरला वं?"

यांनी बुलढाण्याहून आणलेला अर्ज. अजून कोराच. भरू नको असं या घरात मला कोणीच म्हटलं नव्हतं.