सूप थांबलं की नाय

३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी कोण आलं, तर शमीम आपा. चहाचं आधण ठेवायचा अवकाश, हिला भिंतीपलीकडून वास येतो का काय. मागून समोरच्या घरातली बाई वाटी घेऊन विरजण मागायला आली, ती बसलीच. अख्ख्या गल्लीला कळलेलं, मुक्तानं नवीन अल्बम पाठवलाय.

ही वही फोटो काढून पुण्याला जाते आणि मुक्ता मैत्रिणींना दाखवते, म्हणून एकदा लिहून ठेवते: मुक्ता माझी नात. आयेशा ही शमीम आपाची नात. दोघी गारखेड्यात या भिंतीच्या अलीकडं-पलीकडं वाढल्या, आता पुण्यात एका खोलीत राहतात आन गाणी बनवतात. मी चौथी शिकलेली बाई. तरी दुसऱ्यांचे अल्बम पाठवून माझं मत मागतात! आहे काय गल्लीत कुणाचं मागितलेलं?

माझी रीत एकच. पिशोरहून दिरानं तुरीची डाळ पाठवलीय, ती पाखडत ऐकायचं. गाणं चांगलं असलं की सूप आपोआप थांबतं. मग समोर लिहायचं सू.थां. नाय थांबलं तर सू.चा., म्हणजे चालू. मनाला फसवता येतं, हाताला नाय.

आजचा गझलांचा. गाणारा वयस्क, गळ्यात मध. दुसऱ्या गझलेला सू.थां. आपाचा चहा गार झाला, तिनं तसाच पिला. पाचव्यापासून मात्र रडगाणं लांबलं. दुःख त्याचं, पण तबलेवाला मजेत वाटला. समोरची म्हणली, "लईच छान." तिला सगळंच लईच छान.

६ फेब्रु.

परदेशी पोरांचा. गिटारी आन आरडाओरडा. काय बोलतात कळायचा प्रश्नच नाय, पण कुणीतरी त्यांच्यावर लई अन्याय केलेला दिसतो. आपा कानावर पदर घेऊन, "भाभी, इनकी माँ किधर है?"
पण ढोल बडवणारा कामाचा माणूस. एक ठोका चुकवला नाय. सू.चा., आन इतकं जोरात चालू की दोन किलो डाळ तासाभरात झाली. हे मुक्ताला कळवायचं, डाळ करताना हाच लावावा.

९ फेब्रु., सोमवार

ख्यालाचा. बाई गाणारी. एकच शब्द घेऊन बसली, उलटा करून बघते, सुलटा करून बघते, आपण वांगं निवडतो तसं. तिला घाई नाय. मलापण नाय. पहिल्या दहा मिनिटांत सू.थां. आन मग चालूच झालं नाय. डाळ तशीच राहिली.

संध्याकाळी आपल्याच गावातल्या पोरांचा, भराभर बोलायची गाणी. शब्द इतके की भाकरीत मीठ जास्त. पण एकानं आईच्या डब्याबद्दल म्हटलं, डबा परत आणायचा विसरतो म्हणून, तिथं सू.थां. बाकी शिव्या काढल्या तर अल्बम निम्मा होईल आन दुप्पट चांगला.

मुक्ताचा फोन. "आजी, तुझं ते भाकरीत मीठ वाचून सगळे हसले." मग म्हणली, "शनिवारी येतो. आमचा अल्बम झालाय. बाहेर काढायच्या आधी तू ऐक."
रात्रभर... जाऊ दे. आनंद झाला.

१४, शनिवार

आल्या दोघी. मुक्ता वाळलीय. आयेशानं केस कापलेत, तिची दादी बघेल तेव्हा बघेल. आपा देवगाव रंगारीला लग्नाला गेलीय, सोमवारी येणार.

पाच गाणी. म्हणलं, सूप घेऊन बसू का? मुक्ता म्हणली, "घेच."
पहिलं, सू.थां. दुसरं, आयेशाचा आवाज खालून येतो विहिरीतनं आल्यासारखा, सू.थां. आन डोळ्यात पाणी. चौथं, पाचवं पण. माझ्या नाती आहेत म्हणून नाय लिहीत. खरंच.

तिसऱ्याला सूप थांबलंच नाय. गाणं संपेपर्यंत चालूच, एका लयीत. दोघी माझ्या हाताकडं बघत होत्या.

"तिसरं कसं वाटलं?" मुक्तानं विचारलं.
आता काय सांगावं. परक्यांना खरं सांगायचं आन घरच्यांना गोड, असं केलं तर या वहीला अर्थ काय. सांगितलं. "तिसऱ्याला हात चालू राहिला, बाई."
आयेशाच म्हणली, "ठीक है आजी. आप झूठ नहीं बोलतीं, इसीलिए तो पूछा."

१५, रविवार

दुपारी दोघी गेल्या. तिसरं गाणं काढून टाकतो म्हणल्या, चारच ठेवतो. अल्बम माझ्या मोबाइलात ठेवून गेल्या. मुक्तानं पाया पडताना मान वर केली नाय. शेवग्याच्या शेंगा दिल्या होत्या, त्या ओट्यावरच विसरल्या.
खरं बोलले. तरी त्या शेंगा उचलायला हात जाईना.

१६, सोमवार

आपा आली लग्नाचे लाडू घेऊन. तिला नातींचं ऐकवलं. तिसरं लागलं. आपा लाडू मोडता मोडता थांबली. "अरे भाभी, ये तो तुम हो!"
मी म्हणलं, मी कुठं गाते?
"गाना नहीं. सूप! तीन बार फडफड और फिर टक. तुम्हारी पाटली लगती है ना काठ को. पच्चीस साल से दीवार के पार सुन रही हूँ, मैं नहीं पहचानूँगी?"

परत लावलं. या वेळी हात मोकळे. फडफड फडफड फडफड, टक. त्याच्यावर आयेशा गाते. अख्खं गाणं माझ्या सुपावर उभं. दिवाळीत मुक्ता मोबाइल ओट्यावर ठेवून गेली होती, मला वाटलं विसरली. आन शनिवारी माझं सूप त्यात असं मिसळलं की मला दोन आवाज कळलेच नाय. हात थांबणार कसा? तो तर गाण्यातच होता.

आपा डोळे पुसत होती. म्हणली, "मेरी पोती ने तुम्हारे सूप पे गाया." मी म्हणलं, माझ्या नातीनं तुझ्या पोतीला सूप दिलं. भांडलो थोडं, कुणाची नात मोठी म्हणून.

१७, मंगळवार

फोन केला. म्हणलं, चुकलं माझं. तिसरं राहू द्या.
मुक्ता म्हणली, "ओळखशील वाटलं होतं, आजी." मग म्हणली, "पण आता स्वतःचं सूप आहे म्हणून चांगलं म्हणतेस का? शनिवारी तर हात चालू होता."
खरंच कळंना. कालपासून सातदा ऐकलं, दर वेळी त्या टकशी अभिमानानं छाती भरून येते, गाण्याकडं लक्षच राहत नाय. मलापण कळायला पाहिजे ना गाणं कसंय ते.
सांगितलं तसंच, कळत नाय म्हणून.
ती हसली, लई दिवसांनी. "मग तोवर अल्बम बाहेर काढत नाही. आम्ही येतो, समोर बसून ऐक. अन् आजी, सूप नको."

सूप खुंटीला टांगलं. पाटलीपण काढून डब्यात ठेवली. आपाला आधीच बजावलंय, त्या दिवशी बोलायचं नाय.

रविवारी, २२ ला येतो म्हणल्या. सकाळच्या गाडीनं.