अठ्ठ्याऐंशी नंबरचा जोड

३ मार्च, मंगळवार

पोचले एकदाची. कोर्दोबाहून अकरा तास बस, कंबरेचा पार काटा ढिला झाला. पण स्टँडवर डॉन एवारिस्तो स्वतः घ्यायला आले होते, काखेत थर्मास आणि हातात माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायचा भोपळा. पहिला घोट पोटात गेला आणि शीण उतरला. तेरा वर्षांपूर्वी पोलाद तपासायचा प्रोब कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं. माझ्या लग्नात बाप हयात नव्हता, तर चर्चमध्ये हात धरून मला नेणारेही तेच. (लग्न टिकलं नाही, ते सोडा.) त्यांची मुलगी ब्रेंडा हाच धंदा करते, दूर बाहिया ब्लांकाला. पण चारचौघांत ते सांगतात, माझ्या मुली दोन. स्टँडवरच्या हमालालाही सांगितलं.

काम सतरा दिवसांचं. पाराना नदीकाठचं हे अणुवीजकेंद्र शटडाउनवर आहे आणि स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचे दोनशे बारा वेल्डिंगचे जोड तपासायचे आहेत. आईला मी समजावते, पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करतात ना, तशीच पाइपची. जेल लावायचं, प्रोब फिरवायचा. पडद्यावरची रेघ सपाट राहिली तर पोलाद धड. रेघेने मान वर काढली तर आत तडा.

४ मार्च, बुधवार

आतल्या भागात किरणोत्सर्ग आहे, तिथे नेलेला कागद बाहेर आणता येत नाही. म्हणून इथली रीत अशी, की तपासणीच्या सगळ्या तक्त्यांवर आधीच बाहेर कोऱ्या सह्या करून ठेवायच्या. मग आतून फोनवर आकडे सांगायचे आणि ऑफिसातली ओल्गा ते भरते. मी अडखळले. कोऱ्या कागदावर सही करू नये, हा धडा मला डॉन एवारिस्तोंनीच दिलेला. ते हसले. म्हणाले, पोरी, हे कायदे कोर्दोबाला ठेवून ये, इथे सगळे असंच करतात, आणि माझ्यावर भरवसा नाही का तुझा? माते फिरता फिरता दोनशे बारा सह्या झाल्या. माझी ताणून बोलायची कोर्दोबाची लकब ऐकून ओल्गाने टोमणा मारला, की तू फोनवर एक आकडा पुरा सांगेपर्यंत माझं जेवण गार व्हायचं. बाई तोंडाने तिखट आहे, पण मला आवडली.

९ मार्च, सोमवार

सत्त्याऐंशी जोड तपासले, सगळे खणखणीत. आज अठ्ठ्याऐंशीवर आले. पंपाच्या खोलीमागे पाइप वळतो तिथे तो आहे. जागा इतकी अरुंद की कुशीवर पडूनच काम करावं लागतं. प्रोब टेकवला आणि रेघेने मान वर काढली. पाइपची जाडी वीस मिलिमीटर, तडा आतून चार मिलिमीटर खोल. त्याची दोन्ही टोकं मार्करने पाइपवर आखली आणि फोन केला. ओल्गाने पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, हा आकडा मी लिहीत नाही, तू आधी एवारिस्तोंशी बोल. ते म्हणाले, यंत्र पुन्हा जुळवून घे, वळणावर असे भास होतात. त्यांचं बरोबरच असणार.

१० मार्च, मंगळवार

यंत्र दोनदा जुळवलं. सात मिलिमीटर. तडा कालच्या खुणेच्या दोन बोटं पुढे गेलाय.

हे होऊच शकत नाही. केंद्र बंद आहे, पाइप रिकामा आणि थंड, आत ना दाब ना पाणी. निपचित पडलेल्या पाइपात तडा वाढत नसतो. आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. वाढताना तो डावीकडे वळला होता, काल मी जिकडे पडून काम केलं तिकडे. आज मुद्दाम उजव्या बाजूला पडले.

११ मार्च, बुधवार

अकरा मिलिमीटर. तो उजवीकडे वळला.

बाहेर येऊन डॉन एवारिस्तोंना स्पष्ट सांगितलं, अठ्ठ्याऐंशी मी पास करणार नाही, केंद्र सुरू होऊ देणार नाही. ते माते भरत होते, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, बरं. अर्ध्या मिलिमीटरसाठी माझ्याशी तासभर भांडणारा माणूस आज नुसतं बरं म्हणाला.

१२ मार्च, गुरुवार

दुसरं यंत्र घेऊन गेले. रेघ सपाट. माझ्या मार्करच्या खुणा जिथल्या तिथे आहेत, पण त्यांच्यामध्ये तडा नाही. मी तिथेच पडल्या पडल्या वेड्यासारखी हसले.

बाहेर हात धुताना डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक बारीक रेघ दिसली. ओरखडा नाही. रक्त नाही, दुखत नाही. दोन बोटं लांब.

ओल्गाकडे फाईल मागितली. अठ्ठ्याऐंशीचा तक्ता कालच भरलेला, ‘योग्य’, आणि खाली माझी सही. ओल्गा म्हणाली, काल संध्याकाळी एवारिस्तोंनी सांगितलं, मी लिहिलं, मी फक्त लिहिते. मग खालच्या खणातून तिने जुने तक्ते काढून टेबलावर टाकले. मागच्या तीन शटडाउनचे. तिन्ही वेळा अठ्ठ्याऐंशी ‘योग्य’, सह्या तीन वेगळ्या माणसांच्या. तिघेही एवारिस्तोंनीच आणलेले. ते आता कुठे आहेत, असं विचारलं तर तिने छातीवर क्रूस काढला.

१३ मार्च, शुक्रवार

रेघ कोपरापर्यंत. हाताला जेल लावून प्रोब टेकवला. सपाट, सपाट, सपाट, आणि मग पडद्यावरच्या रेघेने मान वर काढली. चार मिलिमीटर.

दुपारी गाव वामकुक्षी घेत असताना डॉन एवारिस्तोंच्या दारात जाऊन उभी राहिले. नाकारतील असं वाटलं होतं. ते रडायला लागले. म्हणाले, दोनदा तो जोड कापून नवा केला, तिसऱ्या दिवशी तडा परत. सही असलेल्या तक्त्यावर ‘योग्य’ लिहिलं की पाइप बरा होतो, आणि तडा सही करणाऱ्यात जातो. खाली तीस हजार वस्तीचं गाव आहे, पोरी, पाइपात कसा ठेवू? मी म्हटलं, मग स्वतः सही करायची होती. शेवटी सगळंच बाहेर आलं. यंदाच्या तपासनिसांच्या यादीत नाव ब्रेंडाचं होतं. त्यांनी ते खोडून माझं घातलं.

मी विचारलं, तुमच्या मुली दोन ना?

ते म्हणाले, दोनच गं, म्हणून तर एक निवडावी लागली.

तेरा वर्षं मी या माणसाला बाप म्हणत आले. तडा परवडला. हे सहन होत नाही.

१५ मार्च, रविवार

खांद्यापर्यंत. डावी बोटं वळत नाहीत, हात ठोकला की पाइपासारखा वाजतो.

ओल्गा सूप घेऊन आली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, पहिला सहीवाला जिवंत आहे, रोसारियोला. त्याने फेरतपासणीच्या तक्त्यावर दुसऱ्याची सही घेतली होती. तडा नव्या सहीकडे गेला. एवढं सांगून पळालीच. कोरा तक्ता टेबलावर ठेवून गेली.

कुणाची घेऊ? कुणाचीही नाही. असं मी—

१६ मार्च

ब्रेंडा आलीय. बापाला न सांगता, रात्रभर प्रवास करून. मी आजारी असल्याचं कळलं म्हणे. तिला काहीच माहीत नाही. मला थोरली म्हणते, शाळेत होती तेव्हापासून. उशी नीट केली, केस विंचरले, म्हणाली, थोरले, वाळलीस किती, आणि उरलेले जोड मी तपासते, तू गप पडून राहा.

मानेपर्यंत— गिळताना आत काहीतरी करकरतं—

१७ मार्च

ब्रेंडा समोर बसलीय. उरलेल्या जोडांच्या नव्या तक्त्यांचा गठ्ठा तिच्यापुढे. सगळ्यात वर अठ्ठ्याऐंशीच्या फेरतपासणीचा, ‘योग्य’ लिहिलेला.

तो वर मी ठेवला. मीच.

हनुवटीखाली आलाय. अजून बोलता येतं— थोडंसं— 

तिला वाटतंय मी रिपोर्ट लिहितेय. पेन उघडलं तिने. त्यांनी निवड केली ना. मग मी का नाही? त्यांची ती. माझी कोण?

विचारतेय, कुठे करू सही. मी म्हटलं, आधी वाच तरी. हसली. म्हणतेय, तू दिलंयस ना थोरले, मग वाचायचं काय त्यात—

टेकवलं पेन. आता मी तोंड उघड